गांधीजींचं १० रुपयांचं जुनं तिकीट खरं की नकली, घरी कसं तपासायचं?

उपनगरकर
नमस्कार मंडळी, नाशिकरोडहून लिहितोय. आजोबा इथे तिकिटं छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये नोकरीला होते, त्यांच्या कपाटात तिकिटांचा जुना अल्बम सापडला. त्यात १९४८ चं गांधीजींचं १० रुपयांचं तिकीट आहे, शिक्का नाही, मागचा गम एकदम चकचकीत. घरात सगळे म्हणतात आजोबांनी प्रेसमधूनच आणलं असणार, म्हणजे खरंच असणार. पण रविवार कारंजाजवळ एका जुन्या वस्तूवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला गम नंतर लावलाय, ५०० रुपये घ्या आणि द्या. पंचम जॉर्जची पण बरीच आहेत, काहींवर वरून ग्वाल्हेर संस्थानाचं नाव छापलंय. विकायची घाई नाही, पण आईला खरं काय ते सांगायचंय. घरच्या घरी काय बघता येईल?

देवळाली_डाक
५०० ला तर अजिबात देऊ नका. आणि आधी बोटाने धरणं बंद करा, चिमटा घ्या.

प्रेसवाला मुद्दा सोडून द्या दादा. बापूंची ती चारही तिकिटं, दीड आणा, साडेतीन आणे, १२ आणे आणि १० रुपये, स्वित्झर्लंडच्या कूर्वाझिए छापखान्यात छापलेली, १५ ऑगस्ट १९४८ ला निघाली. नाशिकला छापलीच नाहीत. त्यामुळे आजोबांनी पोस्टातून किंवा कुणाकडून तरी घेतलं असणार, आणि त्या काळात १० रुपये म्हणजे साधी गोष्ट नव्हती.

आता तपासायचं कसं, तर अल्बममध्ये दीड आण्याचं तपकिरी असेल तर ते शोधा, नसेल तर विकत घ्या, आजही स्वस्तात मिळतं. त्याची नकल करून कुणाला काही फायदा नाही म्हणून ते बहुतेक खरंच असतं, आणि छापखाना तोच. दोन्ही शेजारी ठेवून दहापटीचं भिंग लावा. खरं तिकीट फोटोग्रॅव्हर पद्धतीने छापलंय, गांधीजींच्या गालावरच्या, कपाळावरच्या छटा बारीक जाळीतून सलग उतरलेल्या दिसतात. नकली बहुतेक ऑफसेटवर किंवा प्रिंटरवर काढतात, त्यात भिंगाखाली गुलाबी, निळे, पिवळे ठिपके सुटे सुटे दिसतात. मग तिकिटाच्या कडेच्या दातांचं माप, दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा दात, दोन्हीला सारखंच यायला पाहिजे. नोटा बघायचा यूव्ही टॉर्च असेल तर अंधारात मारा, कागद निळसर पांढरा लख्ख चमकला तर तो कागद त्या काळातला नाही.

आणि त्याच तिकिटावर कुणी 'सर्व्हिस' छापलेलं दाखवलं तर सरळ नकलीच समजा, खरे तसे मोजकेच संच गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी काढलेले.

जेलरोड_संग्राहक
गमबद्दल सांगतो, कारण तिथेच लोकांचा गोंधळ होतो. गम नंतर लावलाय म्हणजे तिकीट नकली असं नाही. तिकीट खरं असू शकतं, फक्त मागे छेडछाड झालेली असते, पण किंमत मात्र जोरात पडते. मूळ कागदाला गम आधी लागलेला असतो आणि भोकं नंतर पाडतात, त्यामुळे दातांच्या टोकाचे कागदी धागे मऊ आणि मोकळे राहतात. नंतर लावलेला गम त्या धाग्यांत शिरतो आणि टोकं कडक होतात. मनगटाच्या आतल्या बाजूवर दात हलके फिरवून बघा, टोचले तर शंका घ्या.

दुसरं म्हणजे अल्बममधली बाकीची तिकिटं हिंजने, म्हणजे मागे चिकटवायच्या छोट्या कागदी पट्टीने, लावलीत का? तेव्हा सगळे तसंच लावायचे. शेजारच्या प्रत्येकावर हिंजचा डाग आणि हे एकच स्वच्छ असेल तर डाग झाकायला गम नंतर लावलाय का, याचा विचार करायला लागेल.

टपालवेडी
पंचम जॉर्जमध्ये तुमच्या नाशिकचा खरा संबंध आहे! आधी ही तिकिटं लंडनला डी ला रू छापायचे, त्यांच्या वॉटरमार्कमध्ये, म्हणजे कागदातच असलेल्या पुसट खुणेत, एका तिकिटात एकच तारा. १९२६ पासून नाशिकला छपाई सुरू झाली तेव्हा वॉटरमार्क बदलून बरेच छोटे तारे आले. काळ्या बशीत तिकीट पालथं ठेवून वॉटरमार्क बघायचं द्रावण एक थेंब टाकलं की तारे उठून दिसतात, मला तर ते बघायला दरवेळी भारी वाटतं. गांधीजींवर हे करू नका हां, त्यात वॉटरमार्कच नाही आणि फोटोग्रॅव्हरची शाई विरघळू शकते.

ग्वाल्हेरवाल्यात वापरलेलं तिकीट घ्या आणि अक्षरं जिथे शिक्क्याला छेदतात ती जागा भिंगाखाली धरा. आधी ग्वाल्हेर छापलं, मग पोस्टात शिक्का बसला, हा क्रम. अक्षरांची काळी शाई शिक्क्याच्या वर चढलेली दिसली तर साध्या वापरलेल्या तिकिटावर नंतर कुणीतरी छापलंय.

उपनगरकर
खूप आभार सगळ्यांचे. दीड आण्याचं अल्बममध्येच मिळालं, दोन्ही शेजारी ठेवून भिंगाखाली बघितली, ठिपके अजिबात नाहीत, छटा सारख्याच, टॉर्चखाली दोन्ही मंद. पण १० रुपयांचे दात टोचतात, आणि बाकी सगळ्यांवर हिंजच्या खुणा आहेत. मागचा गम पाण्याने काढून टाकू का?

जेलरोड_संग्राहक
नको! हात पण लावू नका मागे. आहे तसंच पाकिटात ठेवा. तिकीट खरं आणि गम नंतरचा असं दिसतंय, पण नक्की करायचं तर तज्ज्ञ समितीकडून सर्टिफिकेट लागेल, लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची समिती तसं देते. फी भरण्याआधी दोन्ही बाजूंचा स्कॅन इथे टाका, १२०० डीपीआयला.