बिनओव्हनचं, कमी साखरेचं चॉकलेट: काय जमतं, काय फसतं (अनुभव धागा)

केशरवेलची

काल माळ्यावरून सिलिकॉनचे साचे खाली आले आणि मारी बिस्किटांचा चॉकलेट रोल आठवला. बिस्किटांचा चुरा, कोको, कंडेन्स्ड मिल्क, आत खोबरं-पिठीसाखर, बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये. गॅससुद्धा लागत नाही, म्हणून कितीतरी घरांत मुलांच्या हातचा पहिला पदार्थ हाच. पण कंडेन्स्ड मिल्कमध्ये निम्म्याहून जास्त साखरच असते. त्याच वळणाचे, पण एरवीही करता येतील असे प्रकार इथे गोळा करू या. मापं ग्रॅममध्ये द्या आणि फसतं कुठे ते नक्की लिहा.

पहिला माझा. खजूर-कोको रोल: बिया काढलेला मऊ खजूर २०० ग्रॅम, बदाम ६०, अक्रोड ४०, कोको २० ग्रॅम (सपाट ३ मोठे चमचे), साजूक तूप १ छोटा चमचा, चिमूटभर मीठ. बदाम-अक्रोड मंद आचेवर ६-७ मिनिटं भाजा आणि पूर्ण गार करा. गरम असताना मिक्सरला लावले की तेल सुटतं, रोल हाताला तेलकट लागतो. मिक्सर सलग चालवू नका, थांबून थांबून फिरवा, भरड राहू द्या. खजूर तुपावर दोन मिनिटं परतला की हाताने लोण्यासारखा मळता येतो. कोको आधी खजुरात मळून घ्या आणि भरड शेवटी घाला, नाहीतर कोकोचे कोरडे ठिपके राहतात. रोल वळून खोबऱ्याच्या किसात घोळवा, २ तास फ्रिज. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कापा, कड स्वच्छ येते.

खजूर भिजवू नका. ओल राहिली की चार-पाच दिवसांत आंबूस वास येतो. कोरडा रोल फ्रिजमध्ये १५ दिवस आरामात टिकतो.

तवा_गरम

डार्क चॉकलेट वितळवताना एकदम घट्ट गोळा होतो, चिखलासारखा. दोनदा झालं. चॉकलेट जुनं होतं का?

पाटावरवंटा

जुनं नाही, पाणी गेलं. चॉकलेट म्हणजे कोको बटरमध्ये (कोकोच्या बियांतली चरबी) तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण. दोन थेंब पाणी पडलं की साखर ओली होऊन कण एकमेकांना चिकटतात. वाडगं ओलं असतं, चमचा धुऊन तसाच घेतलेला असतो, किंवा खालच्या पातेल्याची वाफ वर येते.

खालचं पाणी उकळू द्यायचं नाही, नुसतं गरम हवं, आणि वाडग्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये. दोन तृतीयांश चॉकलेट वितळलं की गॅस बंद, उरलेलं ढवळता ढवळता वितळतं. डार्क चॉकलेट ५० अंशांच्या वर नेऊ नका, मिल्क चॉकलेट ४५ च्या. मायक्रोवेव्हमध्ये निम्म्या पॉवरवर ३०-३० सेकंद, दर वेळी ढवळून.

गोळा झालाच तर टाकू नका. चमचा-चमचा गरम दूध घालून फेटत राहा. आधी आणखी वाईट दिसेल, मग एकदम चकचकीत सॉस होईल. वडीला तो चालणार नाही, पण केळ्यावर, नाचणीच्या डोशावर उत्तम.

तवा_गरम

वाडगं ओलंच होतं 🙏

आंबटगोड

१०० ग्रॅम खजुरात साधारण ६० ते ६५ ग्रॅम साखर असते. केशरवेलचीताईंचा रोल चांगलाच आहे, पण 'शुगर फ्री लाडू' म्हणून मधुमेह असलेल्यांच्या ताटात सहा-सहा वाढू नका. गूळ, मध, काकवी यांचंही तेच. खजुरासोबत चोथा मिळतो हे खरं, पण तुकडा १५ ग्रॅमचा आणि एकच.

तयार 'शुगर फ्री' चॉकलेट घेताना मागे माल्टिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का ते बघा. त्याने रक्तातली साखर वाढते, साखरेपेक्षा कमी असली तरी, आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं.

केशरवेलची

@आंबटगोड बरं झालं लिहिलंत. वरून साखर नाही म्हणजे साखर नाहीच असं होत नाही.

दुपारचा_चहा

चक्का आणि चॉकलेट कुणी लिहिलं नाही अजून? आमचा ठरलेला प्रकार.

चक्का २५० ग्रॅम, ५५ ते ६० टक्क्यांचं डार्क चॉकलेट ९० ग्रॅम, कोमट दूध २ मोठे चमचे, पिठीसाखर २० ग्रॅम किंवा अजिबात नाही. चक्का आंबट असेल तरच साखर.

सगळी गंमत तापमानात आहे. फ्रिजमधल्या थंड चक्क्यात वितळलेलं चॉकलेट ओतलं की कोको बटर जागच्या जागी गोठतं आणि श्रीखंडात वाळू पडल्यासारखी कचकच लागते. त्यानंतर कितीही फेटा, जात नाही. म्हणून चक्का ४० मिनिटं बाहेर काढून ठेवायचा, चॉकलेट कोमट करायचं. आधी दोन चमचे चक्का चॉकलेटमध्ये घालून एकजीव करायचा, मग ते मिश्रण उरलेल्या चक्क्यात. चक्का आधीच बारीक चाळणीतून घासून घेतलेला असावा, पुरणयंत्रही चालतं. वाट्यांत भरून ३ तास. पहिल्यांदा सैल वाटतं, पण चॉकलेट थंड झालं की चमचा उभा राहतो.

कचकच झालंच तर वाटी गरम पाण्याच्या ताटलीत ठेवून हळूहळू ढवळा, थोडं सुधारतं. जास्त तापलं तर चक्का पाणी सोडतो, तेवढं सांभाळा.

नाचणी_सत्त्व

चक्का घरी की विकतचा?

दुपारचा_चहा

घरी. एक लिटर दुधाचं दही रात्रभर फ्रिजमध्येच टांगायचं, बाहेर नाही. बाहेर टांगलेला आंबट होतो आणि चॉकलेटशी आंबट चव भांडते. विकतचा चालेल, पण दाबून बघा, पाणी सुटत असेल तर पंचात बांधून तासभर वजनाखाली.

पणजीकार

आमच्या गोव्यात सेरादुरा करतात, पोर्तुगीज वळणाचा. शब्दाचा अर्थ लाकडाचा भुसा, कारण बिस्किटांचा चुरा तसाच दिसतो. मूळ प्रकार फेटलेली क्रीम, कंडेन्स्ड मिल्क आणि मारीचा चुरा, थरावर थर.

हलका करायचा तर क्रीमऐवजी वरचा चक्का घ्या, त्यात ४ चमचे दूध, आणि कंडेन्स्ड मिल्कऐवजी मध ३० ग्रॅम. चुऱ्यात कोको: १०० ग्रॅम मारीला १० ग्रॅम. चुरा अगदी पिठासारखा बारीक हवा, चाळूनच घ्या. जाड कण राहिले तर थर नीट बसत नाहीत. सेरादुरा किमान ४ तास थंड झाला पाहिजे, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपवा, मग चुरा लगदा होतो.

एक वर्षाखालच्या बाळाला मध घातलेलं काहीही देऊ नका.

घाटावरची

कोको पावडर आणि ड्रिंकिंग चॉकलेट एक नव्हे!! डब्यावर घटकांत पहिलं नाव साखर असेल तर ते ड्रिंकिंग चॉकलेट. २० ग्रॅम कोकोच्या जागी ते घातलं तर गोड होतं आणि चॉकलेटची चव काही येत नाही.

आणि डब्यावर ५०१ किंवा ५०० क्रमांकाचा आम्लतानियामक असेल तर तो अल्कली दिलेला कोको. रंग गडद, चव मऊ. न शिजवता खायच्या पदार्थांना हाच बरा, साधा कोको कच्चा थोडा आंबट-तुरट लागतो. साधाच असेल तर कोकोत दुप्पट उकळतं पाणी घालून पेस्ट करा, ५ मिनिटं झाकून ठेवा, मग वापरा. वास खुलतो. खजुराच्या रोलला मात्र ही पेस्ट नको, ओल.

नाचणी_सत्त्व

नावाला जागून लिहिते. नाचणी-कोको लाडू. पीठ १०० ग्रॅम, तूप ४० ग्रॅम, कोको १५, गूळ पावडर ७०, वेलचीऐवजी पाव चमचा सुंठ.

'नो बेक' म्हणून पुष्कळ ठिकाणी कच्चं पीठ तसंच मळतात. करू नका, मग ते नाचणीचं असो की गव्हाचं. कच्च्या पिठात जंतू असू शकतात आणि चवही कच्चट लागते. तुपावर मंद आचेवर १२ ते १४ मिनिटं, खमंग वास आणि पीठ हलकं झाल्याचं उलथन्याला कळेपर्यंत. गॅस बंद केल्यावर कोको, कारण कोको पटकन करपतो आणि कडू होतो. गूळ सगळ्यात शेवटी, हाताला सोसेल इतकं कोमट झाल्यावर. गरम पिठात गूळ घातला तर तो वितळतो आणि गार झाल्यावर लाडू दगडासारखे.

आंबटगोड

लाडू वळत नसतील तर तूप वाढवायच्या आधी एक चमचा कोमट दूध घाला ना.

नाचणी_सत्त्व

दूध घातलं तर दोन दिवसांत संपवावे लागतात. तूपच गं, एक चमचा, वितळवून.

मुंबईचा_उन्हाळा

नेटवर खोबरेल + कोको + मध असं 'घरचं चॉकलेट' फिरतंय. आपल्याकडे जमत नाही. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे मे महिन्यात फ्रिजमधून ताटलीत येईपर्यंत बोटं काळी. शिवाय मध तेलात मिसळत नाही, तळाशी चिकट थर बसतो. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, तोंडात विरघळतं पण ताटलीत टिकतं. कोको बटर ५० ग्रॅम, कोको ४०, अगदी बारीक पिठीसाखर ३०. कोको बटर केक-सामानाच्या दुकानात मिळतं.

पाटावरवंटा

@मुंबईचा_उन्हाळा हो, आणि 'कंपाउंड'च्या पाटीकडेही लक्ष हवं. कंपाउंड म्हणजे कोको बटरऐवजी वनस्पती तेल, बहुधा हायड्रोजनेटेड. साच्यातून सहज निघतं, टेम्परिंग (चकाकी आणि कडकपणा येण्यासाठी ठरावीक तापमानाला गरम-गार करणं) लागत नाही, म्हणून खपतं. पण 'हेल्दी' लिहून कंपाउंडच्या वड्या करण्यात अर्थ नाही. घटकांत कोको मास (वाटलेल्या कोको बिया) आणि कोको बटर पाहिजे.

राजगिरा

उपवासाला कोको चालतो का हा वाद नको, ज्याच्या घरची पद्धत. पण डार्क चॉकलेटच्या वेष्टनावर बहुतेक वेळा सोया लेसिथिन असतं, ज्यांना पाळायचंय त्यांनी वाचून घ्यावं.

राजगिऱ्याच्या वड्या: ७० टक्क्यांचं चॉकलेट १०० ग्रॅम, शेंगदाणे भाजून, सालं काढून, मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत वाटलेलं लोणी ४० ग्रॅम, राजगिऱ्याच्या लाह्या ४०. लाह्या आधी कढईत ३-४ मिनिटं कोरड्या परतून गार करा, पावसाळ्यात तर नक्कीच. चॉकलेट कोमट झाल्यावरच लाह्या घाला. ट्रेमध्ये बटर पेपर, वर वाटीच्या बुडाने घट्ट दाबा, २० मिनिटं फ्रिज.

गुळाच्या पाकातल्या वड्या चार दिवसांनी मऊ पडतात, या पडत नाहीत, कारण चॉकलेटमध्ये पाणीच नसतं.

तवा_गरम

मखाने चालतील?

राजगिरा

चालतील. तुपावर १० मिनिटं, चिमटीत धरला की चुरा झाला पाहिजे. चिवट दबला तर अजून भाजा.

दुपारचा_चहा

कुत्रा आहे का कुणाकडे? वड्या टेबलावर उघड्या ठेवू नका. चॉकलेट कुत्र्यांना विषारी, डार्क आणि कोको पावडर जास्तच. खाल्लं तर वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टर.

पणजीकार

मांजरांनाही.

घाटावरची

चिया आणि सब्जा एकच समजून पुडिंग बिघडवतात लोक. सब्जा १०-१५ मिनिटांत फुगतो आणि तिथेच थांबतो, दूध घट्ट होत नाही, फालूद्यासारखं राहतं. चिया ४ तास घेते आणि सगळं दूध धरते. २४० मिली दूध, चिया ३ मोठे चमचे, कोको १ मोठा चमचा आधी थोड्या कोमट दुधात कालवून. १० मिनिटांनी परत एकदा ढवळायचंच, नाहीतर खाली ढेकूळ आणि वर पाणी.

पाटावरवंटा

सगळ्यात सोपं राहिलंच. पाण्यातलं चॉकलेट मूस. एर्व्हे तिस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये दाखवलेली रीत. क्रीम नाही, अंडं नाही, जिलेटीन नाही.

७० टक्क्यांचं चॉकलेट १०० ग्रॅम, पाणी ९० मिली. दोन्ही एकत्र मंद आचेवर वितळवा. मोठ्या परातीत बर्फ-पाणी, त्यात वाडगं ठेवून हाताच्या फेटणीने फेटा. तीन-चार मिनिटं काही होत नाही, नुसतं काळं पाणी. मग फेटणीच्या तारांमागे रेघा उमटायला लागतात, रंग एक छटा फिकट होतो. तिथेच थांबा, वाडगं बर्फातून उचला. आणखी दहा-पंधरा सेकंद फेटलं तर दाणेदार होतं.

तवा_गरम

थांबा, दोन थेंब पाण्याने गोळा होतो आणि ९० मिलीने मूस?

पाटावरवंटा

हो. थोडं पाणी साखरेला चिकट करतं. भरपूर पाण्यात साखर पूर्ण विरघळते आणि कोको बटरचे थेंब पाण्यात विखुरतात, क्रीमसारखे. दाणेदार झालं तर परत गरम करा, वितळलं की पुन्हा बर्फावर. घट्टच होत नसेल तर २० ग्रॅम चॉकलेट वाढवा, पुन्हा वितळवून. पाण्याऐवजी गाळलेली काळी कॉफी घेतली तर अजून छान.

मुंबईचा_उन्हाळा

कंपाउंडने होईल का हे?

पाटावरवंटा

कंपाउंडवर भरवसा ठेवू नका, फॅटचं प्रमाण आणि जात दोन्ही वेगळी.

आंबटगोड

चायना ग्रासचं चॉकलेट पुडिंग कुणाचं सुरेख लागतं? माझ्या दुधात कायम दोरे दिसतात.

केशरवेलची

@आंबटगोड दूध थंड असणार. चायना ग्रास ४० अंशांच्या खाली गेलं की लगेच धरतं, थंड दुधात पडताच दोरे. ५ ग्रॅम कात्रीने कापून १०० मिली पाण्यात २० मिनिटं भिजवा, मग उकळून पूर्ण विरघळवा, एकही काडी दिसता कामा नये. दुसरीकडे दूध ४०० मिली, कोको २०, साखर ३० उकळत ठेवा. दोन्ही गरम असतानाच गाळणीतून एकत्र. गूळ हवा असेल तर गॅस बंद करून, दूध थोडं निवल्यावर, उकळत्या दुधात गुळाने फाटतं. पण गुळापायी फार निववू नका, ते तिथेच धरेल.

आंबटगोड

आणि दोरे झालेलं परत उकळलं तर?

केशरवेलची

साखरेचं असेल तर होतं नीट, सतत ढवळत उकळी आणा आणि गाळून साच्यात ओता. गुळाचं असेल तर नको, फाटेल.

तवा_गरम

मूस केलं. पहिल्यांदा दाणेदार, परत वितळवून जमलं. मुलं वाडगं पुसतायत. कॉफी किती घ्यायची ते सांगा, उद्याला.

पाटावरवंटा

९० मिलीच, पाण्याइतकीच. पावडर कॉफी असेल तर १ सपाट छोटा चमचा.