अर्धवट गेम टाकून मग अपडेट मारत बसायचं, चालतं का?

प्रश्न: गेम जवळपास झालाय पण स्वस्तातल्या फोनवर तिसऱ्या लेव्हलला बंद पडतो, पार्टनर म्हणतोय टाक प्ले स्टोअरवर, बाकीचं अपडेटमध्ये बघू. टाकू का?

– ब्रॉल स्टार्स हा मोबाईल गेम बघ ना, जून २०१७ ला आधी कॅनडात सोडला, तेव्हा फोन उभा धरून खेळायचा, मग आडवा केला, आणि अख्ख्या जगात यायला डिसेंबर २०१८ उजाडला.

– त्यांच्याकडे पैसा होता भावा 😅 तुझा क्रॅश झाला की लोक एक स्टार ठोकून अनइन्स्टॉल करणार, अपडेटसाठी थांबतंय कोण

– मग ओपन टेस्टिंगला टाक की (प्ले स्टोअरवरच, पण चाचणी म्हणून, कोणीही खेळून बघू शकतं), तिथला फीडबॅक फक्त तुलाच दिसतो, रेटिंगची वाट लागत नाही. क्रॅश मात्र आधी काढ, स्किनबिन (कॅरेक्टरचे वेगवेगळे लूक) नंतर.