शब्दचर्चा : ख्रिस्ती परंपरेतला ‘आळस’

प्रश्न : ख्रिस्ती परंपरेतल्या सात पातकांच्या मराठी यादीत ‘आळस’ असतो. नुसतं लोळत पडणं एवढं मोठं पातक कसं?

उत्तर : मूळ ग्रीक शब्द ‘अकेडिया’. ‘केडोस’ म्हणजे काळजी, आस्था. तीच उरली नाही की अकेडिया. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस या साधूने तिचं वर्णन केलंय. ती भर दुपारी गाठते. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. साधू सारखा खिडकीतून डोकावतो, हातातलं काम नकोसं होतं, इथून उठून दुसरीकडे जावंसं वाटतं. म्हणून मी तरी ‘उबग’ किंवा ‘अनास्था’ म्हणेन. दिवसभर धावपळ करणाऱ्यालाही ती ग्रासू शकते, आणि ‘आळस’ म्हटलं की नेमकं हेच नजरेआड होतं.

नेहमीच्या अर्थाचा आळस बायबलमध्ये आहेच. नीतिसूत्रे ६:६ आळशाला मुंगीकडे धाडतं. २६:१४ मध्ये तर बिजागरीवर दार फिरावं तसा तो अंथरुणात कूस बदलतो!

प्रश्न : आणि ‘काम करणार नाही त्याने खाऊही नये’? आमच्याकडे हे बेकार मुलांना ऐकवतात.

उत्तर : ऐकवू नये, तो अन्याय आहे. हे वाक्य बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रातलं. तिथे, २ थेस्सलनीकाकरांस ३:१० मध्ये, ‘ऊ थेलेइ’ असं क्रियापद आहे : ज्याची काम करायची इच्छाच नाही, तो. ज्याला काम मिळत नाही किंवा झेपत नाही, त्याच्याबद्दल तिथे अवाक्षर नाही. पुढच्याच ओवीत पौल शब्दांशी खेळतो : हे लोक ‘एर्गाझोमेनूस’ नाहीत, ‘पेरिएर्गाझोमेनूस’ आहेत. म्हणजे काम शून्य, नसत्या उठाठेवी फार. आणि बोलणारा पौल स्वतः तंबूचं काम करून पोट भरणारा (प्रेषितांची कृत्ये १८:३).

प्रश्न : मग आळसाच्या विरुद्ध शब्द कोणता? उद्योग?

उत्तर : रोमकरांस १२:११ मध्ये ‘स्पूदे’ आहे, त्यात तत्परता आणि कळकळ दोन्ही येतात. मला ‘आस्था’ चपखल वाटतो, कारण अकेडियात नेमकी तीच हरवलेली असते. ‘उद्योग’ म्हटलं की कमाई डोळ्यांसमोर येते. इफिसकरांस ४:२८ मात्र चोराला चोरी सोडून स्वतःच्या हातांनी कष्ट करायला सांगतं, ते गरजवंताला द्यायला त्याच्याजवळ काही असावं म्हणून.