लिंबाच्या रोपांवर खरखरीत डाग आणि पानांत चंदेरी रेघा. काय फवारावं?

श्रीगोंद्याची लेक

नमस्कार मंडळी. आण्णांनी यंदा जुलैत कागदी लिंबाची ४० रोपं लावली, २० बाय २० फुटांवर. पाऊस चांगला झाला, रोपं फुटली, आम्ही खूश होतो. गणपतीला घरी गेले तर निम्म्या रोपांची कोवळी पानं वळलेली. पानात चंदेरी नागमोडी रेघा, गोगलगाय चालून गेल्यासारख्या. शिवाय दहा-बारा रोपांवर तपकिरी ठिपके, भोवती पिवळं कडं. चार-पाच रोपांची तर शेंड्याची पानंच कोणीतरी खाऊन टाकली आहेत.

दुकानदाराने तीन बाटल्या दिल्यात, एकत्र करून मारा म्हणाला. आण्णा उद्याच पंप भरायला निघाले होते, मी हात धरून थांबवलंय. आण्णांचं वय ७१ आहे, या रोपांवर त्यांचा जीव आहे. पंधरा दिवसांत दोनदा युरियाही टाकून झालाय. फोटो नीट येत नाहीत, काय बघून सांगू ते विचारा.

काळी माती

थांबवलंत ते बरं केलंत. तीन औषधं एका पंपात घालून कोवळी फूट करपलेली मी स्वतःच्या शेतात पाहिली आहे.

ताई, दोन गोष्टी करून सांगा. ठिपक्यावरून बोट फिरवा, पानाच्या दोन्ही बाजूंनी. खरखरीत, उंच लागतो का? आणि रेघ असलेलं पान उन्हासमोर धरा. रेघेच्या टोकाला पिवळसर, जेमतेम दिसणारी अळी आहे का?

श्रीगोंद्याची लेक

सकाळी आण्णांना व्हिडिओ कॉलवर करायला लावलं. ठिपका दोन्ही बाजूंनी खरखरीत आहे, "खैरासारखा लागतो" म्हणाले. काही काटक्यांवरही तसेच फोड आहेत. अळीही दिसली. एका पानाची कड दुमडलेली होती, ती उलगडली तर आत बारीकसा कोष.

काळी माती

मग संशय उरला नाही. खरखरीत डाग म्हणजे खैऱ्या, रेघा म्हणजे नागअळी. ही दोन दुखणी वेगळी असली तरी एकमेकांचा हात धरून येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

खैऱ्या जिवाणूमुळे होतो, बुरशीमुळे नाही. त्यामुळे दुकानातलं साधं बुरशीनाशक त्याला चालत नाही, तांब्याचं औषध चालतं. पावसाचा थेंब डागावर पडतो, उडतो, वाऱ्याबरोबर शेजारच्या पानावर जातो. पानात शिरायला जिवाणूला वाट हवी असते, आणि नागअळी ती वाट करून देते. तिने पापुद्रा पोखरला की ते पान म्हणजे उघडी जखम. त्यातच युरियाने सतत नवी पालवी निघत राहिली आणि अळीला कोवळं पानच हवं असतं. पान जून झालं की ती त्यात शिरत नाही. म्हणून आधी युरिया बंद. आण्णांना दोष देऊ नका, रोप वाढावं असं कोणाला वाटत नाही?

आता काम. पाऊस उघडला, पानं कोरडी झाली की फोड आलेल्या काटक्या छाटा. छाटलेलं आणि खाली पडलेलं सगळं गोळा करून जाळा, बांधावर टाकू नका. दर झाडानंतर कात्री निर्जंतुक करा. पण नुसत्या रेघा असलेली पानं तोडत बसू नका. वाकडं झालं तरी ते पान रोपाला पोसतंय.

मग एक टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण. १० लिटरला १०० ग्रॅम मोरचूद (यातच तांबं असतं), १०० ग्रॅम कळीचा चुना. दोन प्लास्टिकच्या बादल्यांत पाच-पाच लिटर पाण्यात वेगवेगळं भिजवा, चुना गाळून घ्या, आणि तिसऱ्या बादलीत दोन्ही एकाच वेळी ओता, ढवळत ढवळत. आकाशी रंग येतो. त्यात घासून लख्ख केलेली लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, पान भाजेल. आणखी चुन्याची निवळी (गाळलेलं चुन्याचं पाणी) घाला, पुन्हा सुरी बुडवा. सुरी स्वच्छ निघेपर्यंत पंपात ओतू नका. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा, त्यात दुसरं काही मिसळू नका. एवढा खटाटोप जमणार नसेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड, तांब्याचंच तयार औषध, ३ ग्रॅम लिटरला. पाऊस आहे तोवर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा.

नागअळीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क. लिटरला ५० ग्रॅम निंबोळीची भरड, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळायची, चिमूटभर साबणचुरा घालायचा. संध्याकाळी मारा, पालवी बोटाच्या पेरापेक्षा लहान असतानाच. आठ-दहा दिवसांनी परत. पान वळल्यावर मारलेलं औषध त्या पानाच्या कामाचं नाही, ते पुढच्या पालवीसाठी.

रानवाट

आमच्याकडे बोर्डोऐवजी कॉपरमध्ये स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक टाकतात, १० लिटरला १ ग्रॅम. फरक पडतो.

काळी माती

पडतो, जुन्या शिफारशींतही आहे. पण त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन क्षयाच्या रुग्णांना देतात. ते शेतात ओतून जिवाणूंना सवय लावायची, हे मला पटत नाही. ४० रोपांना छाटणी आणि तांबं पुरेसं आहे.

गच्चीवरची बाग

पानं खाणाऱ्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसतंय का? ती विष्ठा नसते, लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाली की हिरवीगार. काडीने हलकेच डिवचलं की डोक्यामागून केशरी दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास येतो. एवढ्याशा रोपाला एकच अळी दोन दिवसांत बोडकं करते, पण यासाठी औषध नको. सकाळी फिरून हाताने वेचायच्या. मी मुंबईत माझ्या मोठ्या कढीपत्त्यावर नेऊन सोडते, तोही लिंबाच्याच कुळातला, त्याला चार पानं गेल्याने काही होत नाही. आण्णांच्या परड्यात जुना कढीपत्ता किंवा बेल असेल तर बघा.

रानवाट

आणि रोपं कुठून आणली? आमच्या भावाने स्वस्तात घेतली, तर रोपवाटिकेतूनच डाग आले होते. पुढच्या वेळी दहा पानं उलटून बघूनच पैसे द्या. जागा भरायच्या असतील तर राहुरी कृषी विद्यापीठाचं साई शरबती विचारा, खैऱ्याला बरंच तग धरतं.

श्रीगोंद्याची लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय. शनिवारी जाऊन आले. बोर्डो करताना पहिल्यांदा सुरी लालसर निघाली, आण्णा म्हणाले, "बघ, दुकानदाराने हे सांगितलं असतं का?" दोनदा निवळी घातल्यावर स्वच्छ निघाली. एक फवारणी झाली, निंबोळीच्या दोन. सकाळी अळ्या वेचायचं काम माझ्या सात वर्षांच्या भाच्याने घेतलंय, पहिल्या दिवशी ११ सापडल्या. परड्यात बेल आहे, तिकडे सोडल्या.

दोन रोपं मुळासकट काढावी लागली, खोडावरच फोड होते. बाकी ३८ ची नवी पालवी सरळ आहे, रेघ क्वचित. जुने डाग मात्र तसेच आहेत. ते जातील का?

काळी माती

नाही, डाग पडलेलं पान तसंच राहणार, ते गळून जाईल. नवी पालवी स्वच्छ येतेय ना, तिच्याकडे बघा. झारीने पानांवरून पाणी घालत असाल तर बंद करा, आळ्यात द्या, तेही खोडाला न लागता. खोडाशी पाणी साचलं तर डिंक्या येतो, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग. काढलेल्या दोन जागी लगेच लावू नका, पावसाळा संपू द्या. आणि दुकानातल्या त्या तीन बाटल्या उघडल्या नसतील तर परत करून या.