पुट्टी-पेंट करूनही भिंतीचे पोपडे सुटताय, कानबाईच्या आधी काय करता येईल?

पिंप्राळेकर:
नमस्कार मंडळी. घर जळगावला, तळमजला, विटांचं बांधकाम, बरंच जुनं. हॉलची जी भिंत बाथरूमला लागून आहे तिचा खालचा दोन-अडीच फुटांचा पट्टा सारखा पोपडे टाकतो. मागच्या दिवाळीला पेंटरने खरवडून पुट्टी मारली, वरून भारीतलं इमल्शन दिलं, उन्हाळाभर ठीक होतं आणि पाऊस लागल्यापासून परत फुगे आले, हात लावला की पापुद्रा निघतो, आत पांढरी भुकटी. श्रावणात आमच्याकडे कानबाई (आमच्या खानदेशातली देवी) बसते, सगळी भाऊबंदकी रोटांना, म्हणजे तिच्या प्रसादाच्या जेवणाला येते आणि कानबाई याच भिंतीला बसते, म्हणून आईची घाई चाललीय. पेंटर म्हणतो वॉटरप्रूफ पुट्टी मारू, काम होऊन जाईल. होईल का खरंच?

भुसावळ_साईटवाला:
नाही होणार भाऊ. ती पांढरी भुकटी म्हणजे लोणा लागलाय भिंतीला. विटेत, वाळूत, बोअरच्या खाऱ्या पाण्यात क्षार असतात, भिंतीत पाणी शिरलं की ते विरघळून पाण्याबरोबर बाहेरच्या अंगाला येतात, पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच जमून पेंटला मागून ढकलतात. वरून कितीही महागाची पुट्टी लावा, ती धरणार कशाला? आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा ४५ ला जातो, भिंत वरून कोरडी ठणठणीत होते आणि सगळ्यांना वाटतं की ओल गेली.
आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. रात्री घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी पुढे सरकला असेल तर पाइप कुठेतरी गळतोय. मीटर नसेल तर टाकीची पातळी बघा. पाइप ठीक निघाला तर बाथरूमच्या टाइल्सचे सांधे आणि जाळीच्या भोवतालची जागा, बहुतेक वेळा गळती तिथेच असते. आणि बाथरूमपासून लांबच्या भिंतीही खालून अशाच ओल्या असतील तर मग पाणी जमिनीतून चढतंय, तो प्रकार वेगळा आणि खर्चाचा.

धुळ्याची_ताई:
दादा, एक सोपी गोष्ट करा. खराब जागेवर हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि २४ तास ठेवा. प्लास्टिकच्या मागे, म्हणजे भिंतीकडून थेंब आले तर ओल आतून येतेय. खोलीकडच्या बाजूने आले तर ती हवेतली दमट.

चोपडा_नाना:
कानबाईसाठी पेंट नकोच, सुटलेलं खरवडा आणि चुन्याचे दोन हात मारा. आपल्या धाब्याच्या घरांना जन्मभर चुनाच होता, त्यातून भिंत श्वास घेते, ओल असली तरी चालतो.

भुसावळ_साईटवाला:
नाना, चुना या वर्षीपुरता बरोबर आहे, पण पुढे पुट्टी मारताना तो शेवटच्या थरापर्यंत खरवडावा लागेल, चुन्यावर पुट्टी-इमल्शन टिकत नाही. मी म्हणतो त्या पट्ट्याचं प्लास्टर ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढून विटा उघड्या ठेवा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका, पाण्याने तो परत आत जातो. कानबाई शेजारच्या भिंतीला बसवा, आईंना समजावून सांगा, उघडी भिंत पडद्याने झाकता येते.
गळती बंद करून दिवाळीनंतर भिंत पूर्ण वाळली की १:४ चं (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) प्लास्टर, त्यात वॉटरप्रूफिंग पावडर, सात दिवस पाणी मारायचं आणि मग महिनाभर वाळू द्यायचं. हा महिना कोणीच थांबत नाही, म्हणून एवढ्या भिंती खराब होताय. त्यानंतर व्हाइट सिमेंट पुट्टीचे दोन पातळ हात, भिंत जरा ओली करून, आणि दोन-तीन तासांत संपेल तेवढीच कालवा. मग पॉलिश पेपर, प्रायमर, इमल्शनचे दोन हात. प्रायमर वाचवू नका, सगळ्यात स्वस्त तोच आहे.

पिंप्राळेकर:
ताई, प्लास्टिक लावलं होतं, थेंब भिंतीकडूनच आले. मीटर जागचा हलला नाही, म्हणजे टाइल्सचे सांधेच दिसताय, आता मिस्त्री बघतोय. आई शेजारच्या भिंतीला तयार झाली. पण खरवडताना आत जुन्या हिरव्या ऑइल पेंटचा थर लागला, वरच्या भागात तो घट्ट आहे, तोही काढायचा का?

धुळ्याची_ताई:
घट्ट असेल तर काढू नका, फक्त चमक जाईपर्यंत घासा, चमकीवर नवा पेंट पकडत नाही. पण कोरडं घासू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, घरगुती पेंटमध्ये ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसं नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, तुमचा थर त्याच्या कितीतरी आधीचा. वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासा, तोंडाला साध्या रुमालाऐवजी एन९५ मास्क, घरात लहान पोरं असतील तर तेवढे दिवस त्यांना मामाकडे पाठवा. खाली प्लास्टिक अंथरा आणि भुगा झाडूने न उडवता ओल्या फडक्याने उचला, ते फडकं परत घरात वापरू नका.