पुण्याचा लक्ष्मी रस्ता गाड्यांविना: पेठा मरतील की जगतील?

जुनापेठकर
'लक्ष्मी रस्त्यावर गाड्या बंद केल्या तर सहा महिन्यांत दुकानांना कुलपं लागतील,' असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय. रात्रभर डोक्यातून गेलं नाही. अहो, बस्ता बांधायला आलेलं घर एकाच दुकानात जातं का? शालू इथे, दागिने पलीकडे, भांडी तुळशीबागेत. सगळं पायीच! 11 डिसेंबर 2021 ला पादचारी दिनी उंबऱ्या गणपती ते गरुड गणपती रस्ता मोकळा केला होता. लेकीला घेऊन मधोमध चाललो. जन्म इथे गेला, पण दुकानांवरचे लाकडी सज्जे त्या दिवशी नीट पाहिले. एरवी लक्ष मागच्या हॉर्नकडे.

कापडवाला
सज्जे पाहिलेत, खरेदी काय केलीत? आमची तिसरी पिढी गल्ल्यावर बसते. त्या दिवशी माणसं खूप, बिलं थोडी. कोथरूडचं गिऱ्हाईक गाडी लावायला जागा नाही म्हणून मॉलकडे वळतं. आणि माझे गठ्ठे कधी उतरवायचे?

नारायणपेठी
सकाळी लवकर उतरवा. दिल्लीत चांदनी चौकात 2021 पासून लाल किल्ला ते फतेहपुरी सकाळी 9 ते रात्री 9 मोटारींना बंदी आहे. तिथेही कापडाचाच बाजार आहे.

कापडवाला
तिथे मेट्रो 2005 पासून आहे. आपल्या मंडईला आली सप्टेंबर 2024 मध्ये. गिऱ्हाइकाला सवय लागू द्या की.

शनिपारची सून
गाड्यांचं नंतर बघा. पदपथ रुंद केला की त्यावर पथाऱ्या येणार, हे कुणी का बोलत नाही? माझ्या सासूबाई पथारी चुकवायला रस्त्यावर उतरल्या, स्कूटरचा धक्का लागला, खुब्याचं हाड मोडलं. चार महिने अंथरुणात होत्या.

रिबिनवालीचा मुलगा
आजींचं वाईट वाटलं. पण धक्का स्कूटरने दिला ना? मग दोष पथारीला कसा? माझी आई बावीस वर्षं रिबिनी-पिना विकते, त्यावर मी शिकलो. 2014 चा पथविक्रेता कायदा आम्हाला हक्क देतो. पथारी उचलून नेली की तिचा आठवड्याचा माल जातो.

शनिपारची सून
हक्क म्हणजे आमच्या जिन्यासमोर बसायचा हक्क नव्हे! उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला जागा नसते.

रिबिनवालीचा मुलगा
जागा आखून द्या म्हणून आम्हीच कधीपासून ओरडतोय. कुणाला हौस आहे रोज बोलणी खायची?

कापडवाला
आणि भाडं, कर आम्ही भरायचे? माझ्या दारात माझ्यापेक्षा स्वस्त ओढण्या विकतात!

रिबिनवालीचा मुलगा
दुपारी बाया पिना घ्यायला थांबतात आणि मग तुमच्या दुकानात शिरतात. मी लहानपणापासून बघतोय. आमच्यामुळे तुमचंही गिऱ्हाईक वाढतं.

शनिपारची सून
बरं. पांढरा पट्टा मारून त्याच्या आत बसत असाल, जिना मोकळा ठेवत असाल, तर माझी तक्रार नाही. पट्टा ओलांडलात की मी परत भांडणार.

जुनापेठकर
गाड्या हटल्या तर पट्ट्याला जागाही मिळेल. माझं म्हणणं हेच आहे. उभ्या दुचाकींनी दोन्ही कडा खाल्ल्यात.

कापडवाला
ठीक आहे, महिन्यातून एक रविवार करून बघा. टेम्पोची वेळ लेखी द्या. आणि दिवाळीआधीचे रविवार सोडून.

जुनापेठकर
तेव्हाच तर पोरं कडेवर घेऊन चालावं लागतं. तेव्हाच बंद हवा!

कापडवाला
वर्षाची कमाई त्या पंधरा दिवसांत होते. दिवाळीत नाही म्हणजे नाही.