अनारसे हसले! मापटं, अच्छेर, कप आणि ग्रॅम यांचा मेळ कसा घालू?

मेथीदाणा:
नमस्कार मंडळी. जरा घाईने मदत हवी आहे. अधिक महिना तोंडावर आलाय, लेकीच्या लग्नानंतरचा पहिलाच. जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण घरी केलेल्या अनारशांचंच द्यायचं असं मनात आहे. मी मेलबर्नला असते. आजेसासूबाईंची वही माझ्याकडे आहे, पहिल्या पानावर १९५७ साल घातलंय. त्यात एवढंच लिहिलंय: “मापटेभर तांदूळ तीन दिवस भिजत, पाणी रोज बदलणे. गूळ अच्छेर. तुपाचा हात. खसखस.”

मापटं मी कधी पाहिलेलं नाही. अंदाजाने इथल्या कपाने दोन कप तांदूळ घेतले. भिजवून, पंचावर सुकवून, दळून, चाळून चार कप पीठ निघालं. पिठाइतकाच गूळ असतो असं ऐकून होते, म्हणून गूळ किसून, कपात दाबून चार कप घातला. आठ दिवस मुरवलं. पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला, म्हणजे फुटून तुपात पसरला. दुसरा, तिसराही तसाच. कढईभर नुसता चुरा.

माझं काय चुकलं? आणि वाटी, कप, शेर यांचं ग्रॅममध्ये करायचा खात्रीचा मार्ग कोणता? नेटवर प्रत्येक तक्ता वेगळं सांगतो. उरलेलं पीठ टाकवत नाहीये.

गव्हला:
पीठ टाकू नका! गुळामुळे ते टिकतं. डबा फ्रीजमध्ये ठेवा, वाचवता येईल. जाणकार सांगतीलच.

पंचपाळं:
मेथीदाणाताई, तुमचा हात चुकलेला नाही, कप चुकला. “पिठाइतका गूळ” हे वजनाचं बोलणं आहे आणि तुम्ही ते मापाने केलंत.

चाळलेलं ओलसर पीठ फुललेलं असतं, त्यात हवाच जास्त. किसून दाबलेला गूळ कपात घट्ट बसतो. मी आत्ता उठून मोजून आले. माझ्या २०० मिलीच्या वाटीत चाळलेलं ओलसर पीठ ९५ ग्रॅम भरलं आणि दाबलेला गूळ १७०. तुमचा ऑस्ट्रेलियन कप २५० मिलीचा. म्हणजे तुमचं पीठ साधारण ४८० ग्रॅम आणि गूळ साधारण ८५० ग्रॅम. जवळपास पावणेदोन पट! अनारसा हसणारच, गूळ तुपात वितळला की त्याला धरून ठेवायला पीठच उरत नाही.

त्यातही पिठात पाणी आहे. आमच्याकडे गूळ पिठावर नाही, भिजवण्याआधीच्या कोरड्या तांदळावर मोजतात. दोन कप तांदूळ म्हणजे ४०० ग्रॅमच्या जरा वर. गूळ जास्तीत जास्त तेवढाच हवा होता, तुम्ही दुप्पट घातलात.

आता वहीकडे वळू. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही सगळी धान्य मापायची मापं. मापटं म्हणजे मापी अर्धा शेर. अच्छेर म्हणजेही अर्धा शेरच, पण वजनी, कारण गूळ ढेपेतून फोडून तागडीत घालायचे. तांदूळ मापाने आणि गूळ तागडीने, दोन्ही अर्धा शेर. आजेसासूबाईंनी “तांदळाला तेवढाच गूळ” हेच लिहून ठेवलंय, फक्त त्यांच्या घरातल्या दोन वेगळ्या साधनांच्या भाषेत. मला तर ही ओळ वाचून भरून आलं.

पक्का वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. त्या हिशेबाने:
अच्छेर – ४६७ ग्रॅम
पावशेर – २३३ ग्रॅम
अदपाव – ११७ ग्रॅम
छटाक (५ तोळे) – ५८ ग्रॅम

पण शेर गावागणिक बदलायचा, कच्चा शेर पक्क्यापेक्षा बराच लहान. म्हणून ग्रॅमच्या मागे लागू नका, प्रमाण धरा. दशमान वजनं १९५८पासून यायला लागली आणि १९६२मध्ये सक्तीची झाली. त्यानंतरच्या वह्यांमध्ये “पावशेर” लिहिलेलं असलं तर बहुतेक वेळा ते सरळ पाव किलो असतं. बोलण्यात जुना शब्द राहिला, तागडीत नवं वजन आलं. तुमची वही १९५७ची, म्हणून जुना हिशेब.

ताकमेढी:
पंचपाळं यांचं पटलं, पण थोडा विरोध नोंदवते. माझ्या आईने आयुष्यभर वाटीनेच केलं आणि तिचा अनारसा कधी हसला नाही. घरात एकच वाटी होती, ती तीच भरायची, गूळही ठरलेल्या दुकानाचा. आणि ती गूळ वाटीत कधी दाबत नसे, किसून हलकाच भरायची. वाटी वाईट नसते. दुसऱ्याची वाटी आपल्या हातात आली की घोटाळा होतो.

शिवाय सगळ्याच पदार्थांना काटा लागत नाही. चकलीची भाजणी घ्या. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ वाटीत जवळजवळ सारख्याच वजनाचे भरतात. चार, दोन, एक असं प्रमाण वाटीने घ्या की किलोने, भाजणी तीच होते. धने मात्र हलके, तांदळाच्या निम्म्याहूनही कमी भरतात. तिथे “पाव वाटी” वाचून कुणी पाव किलोच्या हिशेबाने गेलं तर भाजणी कडवट होईल.

पंचपाळं:
ताकमेढी, अगदी खरं. दाबणं आणि शीग (मापाच्या काठावर येणारा ढीग), या दोन गोष्टी कुठल्याच तक्त्यात नसतात. पूर्वी व्यवहारात आधी ठरवायचे, माप शिगेचं की रेवलेलं, म्हणजे काठाशी सपाट केलेलं. पाककृतीत “एक वाटी” एवढंच राहिलं आणि ते विचारणंच गेलं. मैद्याचं बघा, २४० मिलीच्या कपात चमच्याने हलका भरून सुरीने सपाट केला तर १२०-१२५ ग्रॅम, तोच कप डब्यात खुपसून काढला तर १४०-१५०. साखर त्याच कपात २०० ग्रॅम, कशीही भरा, फार फरक पडत नाही. म्हणून नेटवरचे तक्ते एकमेकांशी भांडतात. पिठं आणि किसलेल्या वस्तूंच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबू नका.

गव्हला:
मेलबर्नवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. तिकडचा टेबलस्पून २० मिलीचा असतो, अमेरिकेत आणि इतर बऱ्याच ठिकाणी १५ मिलीचा. टीस्पून सगळीकडे ५. कपही तुमचा २५०, अमेरिकेचा साधारण २४०. आणि राइस कुकरबरोबर येणारा कप १८० मिलीचा असतो, तो बाकी स्वयंपाकाला वापरू नका. मी वर्षभर वापरत होते आणि माझे रव्याचे लाडू का बसत नाहीत ते कळत नव्हतं.

मेथीदाणा:
डोक्यात लख्ख प्रकाश पडला! डिजिटल काटा मागवलाय. आता घरातली वाटी आणि आजेसासूबाईंचं पितळी फुलपात्र किती मिलीचं ते कसं काढू? आणि त्या पिठाचं काय?

पंचपाळं:
फुलपात्र काट्यावर ठेवा, काटा शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली. मग तेच कोरडं करून त्यात तुमचा तांदूळ, तुमचा रवा, तुमचं बेसन तुमच्या सवयीने भरा आणि वजन लिहून ठेवा. अर्ध्या तासात तुमच्या घरचा तक्ता तयार होतो, तो नेटवरच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा खरा. सोडा, मीठ, वेलची मात्र चमच्यानेच घ्या, दोन-तीन ग्रॅमला घरगुती काटा नीट दाद देत नाही.

पिठाचं: आणखी ४५० ग्रॅम तांदूळ आजच भिजत घाला. तीन दिवस, रोज पाणी बदलून. सावलीत पंचावर पसरा, हाताला दमट लागेल तेव्हाच दळा, खडखडीत वाळू देऊ नका. मैद्याच्या चाळणीने चाळून जुन्या गोळ्यात मिसळा आणि पुन्हा पाच-सहा दिवस मुरवा. सगळं पीठ एकदम घालू नका, मूठभर मागे ठेवा. एक अनारसा तळून बघा. हसला तर ती मूठ घाला. कडक झाला तर थोडं पिकलं केळं किंवा चमचाभर दूध लावून मळा.

आणि गूळ चिक्कीचा नव्हता ना? तो चिकट असतो, त्याने बिघडतं. साधा गूळच घ्या.

मेथीदाणा:
साधाच होता, इथल्या भारतीय दुकानातली ढेप. तांदूळ भिजत घातले, काट्यावर बरोबर ४५०.

मेथीदाणा (बारा दिवसांनी):
झाले! पहिला जरा सैल वाटला, मागे ठेवलेली मूठ घातली. दुसऱ्यापासून एकही हसला नाही, जाळी अशी सुटली की नवरा फोटो काढत बसला. तूप मंद ठेवलं, खसखशीची बाजू वर, उलटला नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहिले. बेचाळीस झाले, तेहेतीस बाजूला काढले. फुलपात्र २१० मिलीचं निघालं. वहीत त्या ओळीखाली पेन्सिलने लिहिलंय: “तांदूळ कोरडा ४५० ग्रॅम, गूळ ४५० ग्रॅम, काट्यावर.” एकच शंका, तूप फार धरलंय त्यांनी. वाणापर्यंत कसे ठेवू?

ताकमेढी:
अभिनंदन, किती आनंद झाला वाचून! चाळणीत उभे लावून ठेवा, एकमेकांना टेकवून, खाली ताटली. रात्रभरात तूप निथळतं. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, नाहीतर मऊ पडतील.